‘म्हणे’ आणि ‘म्हणोन’ : वार्ताविश्लेषणाचे अध्यापन आणि मराठी पत्रव्यवहार

‘इंटेलिजन्स’ या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही, ही गोष्ट गैरसोयीची असली तरी उद्बोधक आहे. महाराष्ट्र शासनाच्या व्यवहारात ‘गुप्तवार्ता’ हा शब्द रूढ आहे, वृत्तपत्रे ‘हेरगिरी’ म्हणतात, आणि अठराव्या शतकातील कारकून साधेपणाने ‘बातमी’ म्हणत असे. पहिल्या दोन शब्दांचा रोख माहिती कशी मिळवली याकडे आहे, तिसऱ्याचा काय मिळाले याकडे. मिळालेली माहिती वाचून तिच्यावरून काय म्हणता येईल, आणि मुख्य म्हणजे किती खात्रीने म्हणता येईल, हे ठरविण्याचे काम या तिन्ही शब्दांच्या बाहेर राहते. प्रस्तुत लेखात त्या कामासाठी ‘वार्ताविश्लेषण’ हा शब्द योजला आहे. गेल्या पाऊण शतकात हे काम विद्यापीठीय अध्ययनाचा विषय झाले आहे. त्यावर आयुष्य वेचणारे प्राध्यापक आहेत, पदव्या आहेत, नियतकालिके आहेत. आपल्याकडे तो बहुधा संरक्षणशास्त्र विभागांतील एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरता येतो आणि तेथेही इंग्रजी पाठ्यपुस्तकांवरच चालतो. साहित्याच्या, विशेषतः तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष का घालावे, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मला ग्रंथालयात सापडले नाही. ते चेन्नईच्या अण्णा नगरात सापडले.

अण्णा नगर ही वसाहत १९६८ सालच्या जागतिक व्यापार प्रदर्शनाच्या निमित्ताने आकाराला आली. त्या वेळी उभारलेला मनोरा तेथील उद्यानात आजही उभा आहे. अनेक वर्षे बंद राहून तो २०२३ मध्ये पुन्हा खुला झाला. अलीकडच्या काळात हा भाग स्पर्धापरीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी ओळखला जातो. अभ्यागत प्राध्यापक म्हणून माझा मुक्काम याच भागात असताना शेजारच्या घरातील एक मुलगी केंद्रीय गुप्तवार्ता विभागाच्या परीक्षेची तयारी करीत होती. या परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्नांनंतर एक वर्णनात्मक लेखी परीक्षा असते. तिच्यासाठी तेव्हा निबंध, उताऱ्याचे आकलन आणि सारलेखन यांचा सराव करून घेतला जात असे. “आंटी, तुम्ही साहित्य शिकवता ना, मग हे तपासून द्या,” असे म्हणून तिने एक वही माझ्यापुढे ठेवली. एका सीमाभागातील हालचालींविषयीचा इंग्रजी उतारा तिने एक तृतीयांशात आणला होता. भाषा निर्दोष होती, शब्दमर्यादा काटेकोर पाळलेली होती. मात्र मूळ उताऱ्यात जेथे जेथे ‘असे कळते’, ‘स्थानिक लोकांच्या म्हणण्यानुसार’, ‘अशी समजूत आहे’ अशा अर्थाचे शब्द होते, ते सर्व गळले होते. उताऱ्यातील सहा ऐकीव गोष्टी सारांशात सहा घटना झाल्या होत्या. विचारले तेव्हा ती म्हणाली की असले शब्द भरताड असतात, सारांशात प्रथम तेच काढायचे असे शिकविले आहे.

मी तिला तोच उतारा तमिळमध्ये तोंडी सांगायला सांगितले. ती सांगू लागली, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी क्रियापदाला ‘-आम्’ लागत गेला : ‘वंदानाम्’, ‘पोनानाम्’. तो आला म्हणे, तो गेला म्हणे. इंग्रजीत तिने जे टाकून दिले होते ते तिच्या मातृभाषेने तिला न विचारता परत आणून ठेवले. पुढील विवेचन या एका प्रसंगातून निघाले आहे.

तमिळ ‘-आम्’ आणि मराठी ‘म्हणे’ यांचे कार्य एक असले तरी व्युत्पत्ती भिन्न आहे. ‘म्हणे’ हे ‘म्हणणे’ या धातूचे गोठलेले रूप. कोण म्हणतो ते त्यात उरलेले नाही, केवळ ‘म्हटले जाते’ एवढे उरले आहे. तमिळ ‘-आम्’ हे ‘आगुम्’ म्हणजे ‘होते, होईल’ या रूपाचा संकोच आहे. एका भाषेने ऐकीवपणा ‘बोलणे’ या क्रियेतून दाखविला, दुसरीने ‘होणे’ या क्रियेतून. याच्या जोडीला दोन्ही भाषांत आणखी एक साधन आहे, ते म्हणजे मराठीतील ‘म्हणून’, जुन्या पत्रांतील ‘म्हणोन’, आणि तमिळमधील ‘एन्रु’. या दोहोंचा शब्दशः अर्थ मात्र एकच, ‘असे म्हणून’. दुसऱ्याचे वाक्य कोठे संपले हे ते दाखवितात. संस्कृतातील ‘इति’चे कामही हेच. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडली आणि कायपर यांनी १९६७ मध्ये त्या क्षेत्राच्या उगमाची चर्चा करताना ‘इति’चा विचार केला. भाषाशास्त्रज्ञांना हे सारे परिचित आहे. वार्ताविश्लेषणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो या दोन साधनांतील फरक. ‘म्हणोन’ विधानाचे पितृत्व सांगतो, ‘म्हणे’ ते नाकारतो.

समजा, एखाद्या दरबारातून वकिलाने लिहिले : नबाबाची फौज नदी उतरली. हे झाले पाहिलेले, किंवा पाहिल्यासारखे. ‘उतरली म्हणे’ हे झाले बाजारातले. ‘उतरली म्हणोन अमक्याचे कारकुनाने सांगितले’ यात बोलणाऱ्याचे नाव आले, त्याबरोबर त्याचा हेतू तपासण्याची सोयही आली. ‘उतरली असावी’ हा वकिलाचा स्वतःचा तर्क. ‘उतरली ऐसी आवई आहे’ यात तर बातमीपेक्षा बातमीच्या पसरण्याचीच बातमी आहे, आणि कधी कधी तीच अधिक मोलाची ठरते. पाच वाक्यांतील घटना एकच आहे, पुण्यात बसून ते वाचणाऱ्याने करावयाची कृती मात्र पाच प्रकारची आहे. या पाचही वाक्यांचे इंग्रजीत एकच वाक्य होऊ शकते, आणि पुष्कळदा होतेच.

इंग्रजीच्या या अडचणीवरच आधुनिक वार्ताविश्लेषणाची विद्याशाखा उभी आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तिचे आद्य आचार्य मानले जाणारे शर्मन केंट हे येल विद्यापीठात युरोपीय इतिहासाचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या ‘ओएसएस’ या संस्थेच्या संशोधन व विश्लेषण शाखेत गेले. हर्बर्ट मार्क्यूझ आणि फ्रान्झ नॉयमान यांच्यासारखे तत्त्वचिंतकही त्याच शाखेत काम करीत होते, ही गोष्ट साहित्यसिद्धान्ताच्या वर्गांत क्वचितच सांगितली जाते. केंट यांचा विषयाला पाया देणारा ग्रंथ १९४९ चा. त्यापूर्वी १९४१ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी इतिहासलेखनाचे पाठ्यपुस्तक लिहिले होते. पुढे १९५२ ते १९६७ ते ‘सीआयए’मध्ये राष्ट्रीय अंदाजपत्रे तयार करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. १९५१ सालच्या एका अंदाजपत्रात युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे लिहिले गेले. परराष्ट्र खात्यातील एका वरिष्ठाने या शब्दांचा अर्थ विचारला तेव्हा केंट यांनी सुमारे पासष्टास पस्तीस असे प्रमाण सांगितले. तो अधिकारी दचकला, कारण त्याने वाचताना शक्यता पुष्कळच कमी धरली होती. मग केंट यांनी ज्या सहकाऱ्यांनी मिळून ते वाक्य संमत केले होते त्यांनाच एकेक करून विचारले. उत्तरे वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. एकाच वाक्याखाली सह्या करणाऱ्यांनी वेगवेगळी वाक्ये वाचली होती.

या अनुभवावर केंट यांनी १९६४ मध्ये लिहिलेला निबंध या क्षेत्रात आजही शिकविला जातो. त्यात ते आपल्या सहकाऱ्यांचे दोन वर्ग करतात, गणिती आणि कवी. गणितींना प्रत्येक अनिश्चिततादर्शक शब्दाला आकडा जोडून हवा असतो. ‘संभाव्य’ म्हणजे पंचाहत्तर, पुढेमागे बारा, या धर्तीचा. कवींना वाटते की भाषा अशी बांधता येत नाही. केंट स्वतःला गणितींत गणत. साहित्याच्या विद्यार्थ्याला या वादात आपण कोणत्या बाजूचे हे न सांगताच कळते, परंतु घाई करू नये. केंट यांचा प्रश्न खरा होता. त्यांचे उत्तर त्यांच्या भाषेपुरते होते, एवढेच. आकडा ‘किती’ सांगतो, ‘कोणाकडून’ सांगत नाही. मराठी वकिलाची पाच वाक्ये ‘किती’बद्दल ढिली आहेत, पण ‘कोणाकडून’बद्दल अत्यंत काटेकोर आहेत. केंट यांच्या परंपरेतील विश्लेषक उगमाची प्रतवारी अहवालाच्या समासात किंवा तळटीपेत देतो. मराठीत ती क्रियापदाजवळच येते. सारांश करताना समास आणि तळटीप प्रथम जातात, क्रियापद जात नाही.

आता मराठी साधनांकडे वळू. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला तो पानिपतच्या काळातील पत्रांचा. सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. दिल्लीतून हिंगणे, हैदराबादेतून गोविंदराव काळे, मिरजेकडच्या पटवर्धनांच्या छावण्यांतून अनेक जण, असे वकील आणि कारकून लिहीत होते. वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ याच जातीच्या सामग्रीने भरलेला आहे. आपण ही पत्रे इतिहासाची साधने म्हणून वाचतो. वस्तुतः त्यांतील मोठा भाग म्हणजे शुद्ध वार्ताअहवाल आहेत. इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या सलग काळाचे आणि पूर्णपणे खुले असे वार्ताअहवाल आधुनिक राष्ट्रांच्या दप्तरांतूनही सहजी हाती येत नाहीत. ख्रिस्तोफर बेली यांनी १९९६ च्या ग्रंथात ब्रिटिशांच्या राज्याला आधारभूत झालेल्या देशी माहितीव्यवस्थेचा विचार केला आहे. त्यांचे लक्ष मुख्यतः उत्तर भारताकडे आणि माहिती कोणाच्या हातून कोणाकडे गेली या प्रश्नाकडे आहे. तिच्या वाक्यरचनेचा प्रश्न आपल्यासाठी मोकळा राहिला आहे.

या पत्रांची दोन वैशिष्ट्ये अध्यापनाच्या दृष्टीने सांगण्यासारखी आहेत. मोडीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, विरामचिन्हे नसतात, अवतरणचिन्हे तर नाहीतच. म्हणून दुसऱ्याचे बोलणे कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे सांगण्याचा सारा भार ‘की’ आणि ‘म्हणोन’ यांच्यावर पडतो. अमक्याने तमक्यास लिहिले, त्याने वकिलास वाचून दाखविले, वकील पुण्यास कळवीत आहे, अशी तीन पदरी बातमी केवळ या शब्दांच्या आधाराने उभी राहते. नागरी लिप्यंतर करताना संपादकाने एक ‘म्हणोन’ गाळला तर नबाबाचे बोलणे वकिलाचे मत होऊन बसते. दुसरे वैशिष्ट्य कलमांचे. पुष्कळ पत्रांत मजकूर कलमवार येतो. एका कलमात एक बाब, म्हणजे एकीचा संशय दुसरीला लागू नये. याची आठवण मला चेन्नईतच दुसऱ्या एका लेखकामुळे झाली. ‘रॉ’मधून १९९४ मध्ये निवृत्त झालेले बी. रामन चेन्नईत स्थायिक झाले आणि २०१३ मध्ये निधन होईपर्यंत सातत्याने विश्लेषणे लिहीत राहिले. पोलीस सेवेत येण्यापूर्वी त्यांनी पत्रकारिता केली होती. त्यांच्या लेखांतील परिच्छेदांना क्रमांक असत. वाचकांना ती सरकारी सवय वाटे. मला तीत कलमे दिसतात.

बातमीतून तिचा उगम नाहीसा झाला की काय होते, याचे मराठीतील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पानिपतानंतरचे सावकारी पत्र. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. नानासाहेब पेशवे कुमकेस निघून भेलशापर्यंत पोहोचले असता महिनाअखेरीस त्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र पडले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी आणि तांबे किती गेले याची गणती नाही, अशा आशयाचे. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातील इंग्रजी रूपातून ते जगभर गेले आणि आपल्याकडे शालेय पुस्तकांतून पाठ झाले. आपण त्याचे कौतुक करतो ते सांकेतिकतेसाठी आणि करुणेसाठी. विश्लेषकाच्या नजरेने पाहिले तर त्यात एक मोठी उणीव दिसते. रूपकाला ‘म्हणे’ लागत नाही. मोती गळाला म्हणजे गळाला. लिहिणाऱ्याने पाहिले, की ऐकले, की पळून आलेल्या कोणाच्या तोंडून कळले, हे सांगायला रूपकात जागाच नसते. शिवाय दोन्ही मोती एकाच खात्रीने गळतात. विश्वासरावांच्या मृत्यूबद्दल पुढे शंका उरली नाही. भाऊसाहेबांबद्दल मात्र ती उरली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने पुढे फारसीत लिहिलेल्या वृत्तांतात रणांगणावर मृतदेहांची ओळख पटविण्याचा प्रसंग आहे. तो वाचताना ही ओळख किती खटपटीने आणि किती अपुऱ्या खुणांवर केली गेली हे जाणवते.

पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही असे परंपरा सांगते. त्या १७६३ मध्ये गेल्या. त्यानंतर भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, त्याच्या मागे माणसे जमली, किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाल्यावर ते प्रकरण मिटले. म्हणजे पहिल्या अहवालात जी अनिश्चितता नोंदली गेली नाही तिने राज्यकारभारात पंधरा वर्षे ठाण मांडले. नरसिंह चिंतामण केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच विषयावरचे. तोतयाचे नाटक रंगते याचे कारण प्रेक्षकाला एक क्षणभर तो खरा असू शकेल असे वाटावे लागते. राज्यकर्त्यांनाही तसे वाटण्याचे कारण कोणत्या कागदात होते, हा प्रश्न नाट्यसमीक्षेने विचारलेला मला आढळला नाही. तो विचारला पाहिजे, कारण साहित्यप्रकार आणि वार्ताअहवाल येथे एकाच फटीतून जन्मले आहेत.

राजवाड्यांनी पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत बखरी आणि पत्रे समोरासमोर ठेवून बखरींच्या विश्वसनीयतेची झडती घेतली. त्यांचा निकाल बखरींच्या विरुद्ध गेला आणि तो पुढे फार काळ टिकला. परंतु बखरकारालाही उगमाचे भान नव्हते असे नाही. तमिळ प्रदेशात राहून मराठी शिकविणाऱ्याला येथे सभासदाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९० च्या दशकात जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. जिंजी तेव्हा मोगली वेढ्यात होती आणि १६९८ मध्ये पडली. शिवछत्रपतींचे पहिले महत्त्वाचे मराठी चरित्र आजच्या विळुप्पुरम् जिल्ह्यात लिहिले गेले हे महाराष्ट्रात सांगितले की लोक थोडे चमकतात. या बखरीत बहिर्जी जासुदाला मोजक्या ओळी आहेत. सुरतेची बातमी तो आणतो, आणि जालन्याच्या स्वारीनंतर तो लष्कराला वाट दाखवितो. नंतरच्या कादंबऱ्यांनी आणि कथांनी उभा केलेला वेषांतरपटू बहिर्जी या ओळींच्या मानाने फार मोठा आहे. ‘जासूद’ हा शब्दच दुहेरी आहे. पेशवेकालीन पत्रांत तो बहुतेक वेळा नुसता पत्र नेणारा असतो. बातमी शोधणारा आणि बातमी वाहणारा यांत भाषेने भेद केला नाही, तो वाचणाऱ्याने संदर्भावरून करावयाचा. कादंबरीकाराला पहिला अर्थ सोयीचा, अभ्यासकाने दोन्ही धरून चालावे.

एका साक्षीवर विसंबू नये हा नियम तर दोन्ही प्रदेशांच्या शास्त्रग्रंथांत आहे. कौटिल्याने परस्परांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचे म्हणणे जुळले तरच विश्वास ठेवण्यास सांगितले. तिरुक्कुरळमधील हेरांविषयीच्या एकोणसाठाव्या अध्यायातही हेर एकमेकांना अपरिचित ठेवावेत आणि तिघांचे जुळले तर मानावे असा आशयाचा दोहा आहे. कोणी कोणाकडून घेतले या प्रश्नात मी शिरत नाही. दोन्ही ठिकाणी भर ‘अपरिचित’ या अटीवर आहे, हे अधिक अर्थपूर्ण वाटते. तीन वाटांनी आलेली बातमी मुळात एकाच तोंडातून निघालेली असली तर ती तीन नसते. २००२ मध्ये इराककडील अस्त्रांविषयी अमेरिकेत जो अंदाज झाला, त्यात जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांबद्दलची माहिती प्रामुख्याने एकाच बनावट खबऱ्यावर अवलंबून होती, हे पुढील चौकशीत उघड झाले. कौटिल्याची अट तेथे कोणी मोडली असे म्हणण्यापेक्षा ती तपासण्याची खूणच कागदांतून हरवली होती असे म्हणणे योग्य होईल.

अर्थशास्त्राचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. म्हैसूरच्या रुद्रपट्टण शामशास्त्र्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाची हस्तलिखित प्रत तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ग्रंथालयाला दिली होती. त्याची चिकित्सक आवृत्ती, इंग्रजी भाषांतर आणि अभ्यास असे तीन भाग र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठातर्फे सिद्ध केले. वार्ताविश्लेषणाच्या भारतीय परंपरेवर एखाद्या मराठी प्राध्यापकाने विद्यापीठीय आयुष्य खर्ची घातल्याचे उदाहरण विचाराल तर मी कंगल्यांचे नाव घेईन, जरी त्यांनी स्वतः हे नाव मानले नसते. त्याच कंगल्यांनी नाट्यशास्त्रातील रस आणि भाव यांवर मराठीत लिहिले. अनुभावांवरून भाव ओळखणे आणि चर्येवरून हेतू ओळखणे हे दोन उद्योग एकाच अभ्यासकाच्या टेबलावर होते. शंकुकाने रसाची प्रतीती अनुमानाने होते असे मानले, चित्रातल्या घोड्याचे उदाहरण दिले, आणि अभिनवगुप्ताने ते खोडून काढले. हा वाद वार्ताविश्लेषणाच्या वर्गात शिकविता येतो. मी शिकविला आहे. संरक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळतो, असा माझा थोडासा खट्याळ अनुभव आहे.

तमिळनाडूतीलच आणखी एका नावाशिवाय हा विषय पुरा होत नाही. तिरुचिरापल्लीत १९२९ मध्ये जन्मलेले आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकलेले के. सुब्रह्मण्यम् हे दिल्लीच्या संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेचे दोनदा संचालक होते आणि मधल्या काळात, १९७७ ते १९७९, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष होते. भारतात वार्ताविश्लेषणाला विद्वत्तेचा दर्जा मिळाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल पुनर्विलोकन समितीने १९९९ च्या अखेरीस अहवाल दिला. जून १९९८ मध्ये गुप्तवार्ता विभागाने सीमेपलीकडील हालचालींबद्दल वरिष्ठांना कळविले होते, पण ते टिपण ज्यांनी इतर माहितीशी जुळवून पाहावयाचे त्या संयुक्त समितीच्या अध्यक्षांना, ‘रॉ’ला आणि लष्करी गुप्तवार्तेच्या प्रमुखांना पाठविलेच गेले नाही, ही गोष्ट या अहवालाने नोंदविली. बातमी होती, तिला वाचक नव्हता. सुब्रह्मण्यम् यांचे पुत्र संजय सुब्रह्मण्यम् हे इतिहासकार. वेल्चेरू नारायण राव आणि डेव्हिड शुलमन यांच्यासह त्यांनी २००१ मध्ये लिहिलेल्या ‘टेक्श्चर्स ऑफ टाइम’ या ग्रंथाचा दावा असा, की दक्षिण भारतात इतिहास कोणत्याही साहित्यप्रकारात लिहिला जाई आणि जाणता वाचक त्याच्या पोतावरून तो इतिहास आहे हे ओळखे. २००७ मध्ये या मतावर मोठा वाद झाला आणि आक्षेपांत तथ्य होते. पोत ओळखणारा तो वाचक आपण आज कोठून आणणार, हा त्यांतला खरा. तथापि पित्याच्या आणि पुत्राच्या कामात मला एकच चिंता दिसते, ती म्हणजे योग्य वाचकाची. ‘म्हणे’ आणि ‘म्हणोन’ हे पोताचे सर्वांत बारीक धागे आहेत.

या विषयाच्या अध्यापनाला साहित्य विभागातून विरोध होतो, आणि तो मला समजतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सरळ विचारले, “आपण विद्यार्थ्यांना वाचायला शिकवतो की पाळत ठेवायला?” त्यांना उत्तर देताना अँगल्टनचे उदाहरण मी टाळले नाही. जेम्स अँगल्टन येलमध्ये ‘फ्यूरिओसो’ हे कवितेचे नियतकालिक चालवीत असे. नव्या समीक्षेच्या, अनेकार्थता शोधणाऱ्या वाचनपद्धतीत तो वाढला, आणि १९५४ ते १९७४ अमेरिकेच्या प्रतिहेर विभागाचा प्रमुख राहिला. प्रत्येक मजकुरात दुसरा मजकूर शोधण्याच्या सवयीने त्याने आपल्याच सहकाऱ्यांची कारकीर्द संशयाने उद्ध्वस्त केली. सूक्ष्म वाचनाला थांबा नसला तर ते येथे पोहोचते. म्हणूनच मला केवळ अनेकार्थता शिकविणे अपुरे वाटते. बोलणाऱ्याने स्वतः आपल्या खात्रीची जी मर्यादा घातली आहे ती मानणे, तिच्या अलीकडे न थांबणे आणि पलीकडे न जाणे, हे शिकवावे लागते. ज्या माणसाविषयी अहवाल लिहिला जातो त्याचे संरक्षणही तेवढ्याच मर्यादेत आहे. एखाद्याच्या नावापुढचा ‘म्हणे’ गळला की तो संशयित राहत नाही, गुन्हेगार होतो. आता हेच सारलेखन यंत्रे करू लागली आहेत. मोडी कागदांचे लिप्यंतर आणि भाषांतर त्यांच्याकडे जाईल तेव्हा ते कोणता शब्द भरताड मानतील, हे आजच्या पाठांवर अवलंबून आहे.

माझ्या वर्गातील अखेरचा स्वाध्याय चेन्नईवरचाच असतो. मे १६७७ मध्ये कर्नाटक स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांच्या वतीने मद्रासच्या इंग्रजांकडे विषावरील उतारे आणि औषधी खडे मागविणारे पत्र आले आणि गव्हर्नर लँगहॉर्न यांनी ते भेटीदाखल पाठविले, ही नोंद सेंट जॉर्ज किल्ल्याच्या दप्तरात आहे. तंबू चेट्टी रस्त्यावरील काळिकाम्बाळ मंदिरात महाराज त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी दर्शनास आले होते असे मंदिराची परंपरा सांगते. दोन्ही विधानांत वर्ष आहे, दुसऱ्यात तर दिवसही आहे, आणि दिवस असला की विधान अधिक खरे वाटू लागते. विद्यार्थ्यांनी ही दोन वाक्ये मराठी, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांत लिहावयाची, एवढेच काम. गेल्या खेपेस अण्णा नगरातील ती शेजारीणही हौसेने वर्गात येऊन बसली होती. किल्ल्याच्या वाक्यापुढे तिने तिन्ही रकाने भरले आणि दप्तराचे नाव घातले. मंदिराच्या वाक्यापुढे मराठी रकान्यात तिने कोणाला तरी विचारून ‘आले होते म्हणे’ असे लिहिले होते, तमिळ रकान्यात ‘वंदाराम्’, आणि इंग्रजी रकाना तिने कोरा ठेवून त्यावर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले होते.